खुंटीवरचा दोर

वैशाखातली सकाळ होती, पण उजाडलं असं म्हणायला जीव धजत नव्हता. सूर्य वर आला तोच पिवळट, मातकट. हवा अशी ठप्प की मजुरांच्या कॅम्पातल्या चुलींचा धूर वर जायचं विसरून कुडांपाशीच घुटमळत होता. अहिवाऱ्याकडून येणाऱ्या चुनखडीच्या ट्रकांनी उडवलेली धूळ कालपासून खाली बसलीच नव्हती; जिभेवर, पापण्यांवर, पाण्याच्या मडक्यावर तिचा पांढरा लेप चढला होता. कावळा एक दिसत नव्हता. घारी मात्र सात-आठ होत्या, आणि त्या भट्टीच्या उभ्या सांगाड्याभोवती अशा फिरत होत्या जसं खाली काही पडायचं ठरलेलंच आहे.

अठ्ठावन्न साल. पोलादाच्या कारखान्याची पहिली भट्टी उभी राहत होती, आणि तिच्या पायथ्याशी, हत्यारांच्या टपरीपुढे, देवाजी खलाशी दोर पुसत बसला होता. खलाशी म्हटल्यावर समुद्र आठवायचं कारण नाही. भिलाईत समुद्र कुठला, वैशाखात तळ्यांचासुद्धा तळ दिसतो. इथं खलाशी म्हणजे वजन बांधणारा. क्रेनच्या आकड्याला तारेचा दोर लावायचा, दोरात लोखंडाची जाड चादर जखडायची आणि हाताच्या खुणेनं विंच, म्हणजे क्रेनचा दोर गुंडाळणारं यंत्र, चालवणाऱ्याला ती वर घ्यायला सांगायची. चादर दोन टनाची, दोर अंगठ्याएवढा.

देवाजीची रीत ठरलेली होती. भोंगा व्हायच्या अर्धा तास आधी यायचं. सातही दोर खुंट्यांवरून उतरवायचे. बायकोच्या जुन्या लुगड्याची चिंधी मुठीत धरायची आणि त्या मुठीतून दोर इंच इंच ओढायचा. तारेच्या दोरात शंभरावर बारीक तारा पिळलेल्या असतात. त्यातली एखादी तुटली तर डोळ्याला दिसत नाही, ग्रीसखाली लपून बसते. पण तिचं टोक सुताला धरतं. चिंधी अडली की समजायचं, दोर आतून मरायला लागला. मग तो दोर रुळाच्या तुकड्यावर ठेवायचा, छिन्नी लावायची आणि घणाच्या दोन टोल्यांत त्याचे दोन भाग करायचे, म्हणजे चुकूनही कोणी तो परत उचलू नये. टोळीतल्या सगळ्यांना हे पाठ होतं. देवाजीच्या खुंटीवर लटकतोय तो दोर चांगला. वाईट दोर त्या खुंटीवर राहतच नाही.

"दादा, किती कुरवाळशीन बाप्पा त्याले? वहिनी सांगत होती, तिच्यापेक्षा तुया दोरालेच जास्त लुगडे लागते."

हा गुलाब, देवाजीचा धाकटा भाऊ. सत्तावीस वर्षांचा, अंगानं वेतासारखा, तोंडानं फटाका. दीड वर्षामागं दोघंही आमगावकडून दुर्गच्या गाडीत बसून आले होते. दोन एकर धानाचं वावर आणि चार भाऊ. दोघं गेले म्हणून उरलेल्या दोघांचं भागलं. गाडी हलताना म्हातारी माय डब्याच्या खिडकीशी आली होती. रडली-बिडली नाही. देवाजीचा हात धरून एवढंच म्हणाली होती, "दोन हात, दोन पाय घेऊन चालला हाय तो. तसाच मोजून परत आणजो." त्या दिवसापासून देवाजी रोज सकाळी दोर पुसायचा आणि रोज संध्याकाळी, गुलाबला कळू न देता, त्याचे हातपाय बघायचा.

"परवा चादरीवर बसून वर गेला होता म्हणे तू," देवाजी मान वर न करता म्हणाला.

"अर्ध्यातूनच उतरलो ना. शंभर पायऱ्या चढाले कोण जाते?"

"उतरला नाई, उतरवला. शामसुंदरनं सांगतलं मले."

"तो विंचवाला लय चुगलखोर हाय. दोन टनाची चादर उचलते तो दोर, दादा. माये दीड मण त्याले समजत बी नसन."

"दोराले समजते," देवाजी म्हणाला. "सांगत नाई तो, एवढंच."

गुलाब हसला आणि निघाला, पण शिडीला जरा लांबून वळसा घालून गेला. सगळेच तसं जात. शिडीच्या पायाशी कॅनव्हासच्या बुटांची एक जोडी होती. दयारामची. वर चढताना तो बूट काढून ठेवायचा, अनवाणी पाय लोखंड धरतो म्हणायचा. तीन आठवड्यांमागं तो वरून आला, पण शिडीनं आला नाही. बूट तिथंच राहिले. कोणी उचलले नाहीत, कोणी फेकले नाहीत. धूळ त्यांच्यात रोज थोडी थोडी भरत होती.

देवाजीबद्दल टोळीत दोन मतं होती. काही म्हणत, साधू आहे. काही म्हणत, भित्रा आहे. टोळीचा टिंडल, म्हणजे मुकादम, नरहरी दोन्ही म्हणायचा, ज्या दिवशी जे सोयीचं पडेल ते. देवाजी वजन उचलायच्या दिवशी अर्धपोटी जेवायचा. पोट भरलं की डोळे जड होतात, असं त्याचं म्हणणं. विडी ओढत नसे. राग आला तर बोलणं उद्यावर टाकायचा, आणि उद्या बहुधा बोलण्यासारखं काही उरलेलं नसे. शिडी चढताना किंवा उतरताना कधी घाई नाही. मागं वाघ लागला तरी एका वेळी एकच पायरी, दोन्ही हातांनी. सकाळी कांदा आणि बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात. ही छत्तीसगढी सवय त्याला इथं लागली आणि आवडली.

महिनाभरापूर्वी त्याला टिंडल करायची गोष्ट निघाली होती. दुसऱ्या भट्टीसाठी नवी टोळी उभी राहायची होती. देवाजी म्हणाला, "सात दोर पुसून होते मायाकून. सत्तर नाई होणार." झालं, विषय संपला. घरी बायकोचा, कौशल्याचा, मात्र संपला नाही. टिंडलला पक्कं क्वार्टर मिळतं, आणि त्यांच्या झोपडीचं छप्पर गेल्या पावसाळ्यात अकरा ठिकाणी गळलं होतं.

"तुमचा संतोष मले नका सांगू," ती म्हणाली होती. "त्या छपराले सांगा."

"डागडुजी करतो ना."

"डागडुजीच करता तुमी. फेकत कायी नाई. फुटका कंदील हाय, मोडकी छत्री हाय, वाकडे खिळे हाय डबाभर. याले संतोष नाई म्हणत. मेलेलं सोडवत नाई तुमच्याकून."

देवाजीनं ते हसण्यावारी नेलं. वाकडे खिळे सरळ करून वापरले तर त्यात वाईट काय?

आता सहा दोर पुसून झाले होते. सहाही साफ. सातवा दोर हातात घेतला तेव्हा भोंगा व्हायला थोडाच वेळ होता. हा सगळ्यांत जुना. देवाजी कामावर लागला त्या पहिल्या दिवशी हाच त्याच्या खांद्यावर टाकला होता. भट्टीची पहिली चादर यानंच चढवली. मुठीतून तो सरसर यायचा, ओळखीच्या बैलानं मानेला हात लावू द्यावा तसा.

आज दोराच्या मध्याशी आला आणि चिंधी अडली.

देवाजीनं मागं ओढली, पुन्हा पुढं नेली. पुन्हा अडली. त्यानं झटका दिला तेव्हा चिंधी सुटली, पण हिरव्या लुगड्याचा एक धागा तुटून दोरातच राहिला. बारीक, वीतभर, हिरवा. ग्रीसमध्ये बोट फिरवल्यावर टोचलं. एक तार. तिच्याशेजारी दुसरी. जरा पुढं तिसरी.

तो दोर त्यानं रुळाच्या तुकड्यावर ठेवला. छिन्नी लावली. घण उचलला.

आणि हात वरच राहिला.

गावी पांढऱ्या नावाचा बैल होता. तो मेला तेव्हा देवाजीच्या बापानं त्याचं दावं गोठ्याच्या आड्याला टांगून ठेवलं. मेल्या बैलाचं दावं कापत नाहीत, कापलं तर गोठा रिकामा होतो, असं त्यांच्याकडं म्हणत. बाप गेला, गोठा पडायला आला, पण दावं तिथंच होतं. देवाजी घर सोडून निघाला त्या पहाटेही त्यानं ते अंधारात चाचपून पाहिलं होतं. आजवर त्यानं चार दोर कापले होते, पण ते नंतर आलेले, परके. हा तसा नव्हता. त्याच्या मनात आलं, म्हाताऱ्या बैलाला गाडीला नाही जुंपत, पण पाण्याची पखाल तर तो वाहतोच ना? चादरी नाही उचलायच्या. पाण्याचे ड्रम उचलायचे, हलक्या कामाला चालवायचा. तीन तर तारा तुटल्या. बाकीच्या सगळ्या शाबूत आहेत.

त्यानं घण खाली ठेवला. दोराला ग्रीस लावलं, जरा जास्तच लावलं, आजाऱ्याला तेल चोळावं तसं. गुंडाळी नीट केली आणि तो दोर सातव्या खुंटीवर टांगला. त्यावर लाल चिंधी बांधायची, म्हणजे कोणी हात लावणार नाही. लाल चिंधी डब्याच्या पिशवीत होती. तो पिशवीकडे वळला तेवढ्यात भोंगा झाला आणि नरहरी टिंडल धोतराचा सोगा आवळत ओरडत आला.

"देवाजी! सोड ते पुसापुशी! आभाळ पाह्यलं का? दुपारच्या आत धुळीचं वावधन येऊन राहिलं. साहेब म्हणते, चार चादरी आज चढलेच पाह्यजे. वर कोण जाते?"

टोळीतले सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. दयारामनंतर वरच्या फळीवर जायला कोणाचा पाय उठत नव्हता. नरहरीची नजर फिरत फिरत गुलाबवर आली.

"मी जातो," देवाजी म्हणाला. "गुलाब खाली राहीन. अन् चादरीवर कोणी बसन तं मी खूणच देणार नाई, आत्ताच सांगतो."

"नाई बसत बाप्पा कोणी," नरहरी म्हणाला. "चाल, चढ."

देवाजी चढला. एका वेळी एक पायरी, दोन्ही हातांनी. भाऊ खाली आहे, जमिनीवर आहे, या विचारानं त्याला बरं वाटलं. ऐंशी फुटांवर फळी होती. तिच्यावर पोचल्यावर त्यानं खाली पाहिलं. माणसं मुंग्यांएवढी, टपरी काडेपेटीएवढी. रिसाली गावाच्या बाजूची कोरडी वावरं पिवळी पडली होती, आणि त्यांच्याही पलीकडं, क्षितिजावर, एक तपकिरी भिंत उभी होती. ती हलत नाही असं वाटायचं. पण मघाशी दिसणारं झाडांचं बन आता दिसत नव्हतं.

लाल चिंधी पिशवीतच राहिली, हे त्याला तिथं वर आठवलं. टपरीपाशी सहा दोर आहेत, सहाच्या सहा चांगले, सातव्याला हात लावायचं कारण कोणाला पडेल? त्यानं स्वतःची समजूत घातली. समजूत लगेच पटली, तेव्हाच खरं तर त्यानं सावध व्हायला हवं होतं.

पहिली चादर आली. दुसरी आली. तिसरी येईतो वारा सुटला. चादर हवेत भोवऱ्यासारखी फिरू लागली. खालून हातदोर धरून चौघं तिला आवरत होते. देवाजीनं ती पकडली, बोल्ट घातले, आकडा सोडला. चौथीसाठी खालून वेळ लागत होता. काय चाललंय ते धुळीतून नीट दिसेना. दोन माणसं आकड्यापाशी वाकली होती. एक टपरीकडं पळत गेला आणि खांद्यावर गुंडाळी टाकून पळत परत आला. चालण्यावरून गुलाब. पहिल्या दोराला पीळ पडला असेल म्हणून दुसरा आणला असेल, असं देवाजीला वाटलं.

चौथी चादर उचलली.

दहा फूट. वीस. वाऱ्यानं ती वाकडी झाली, हातदोर कोणाच्या तरी मुठीतून सुटला, आणि देवाजीनं पाहिलं की चादरीच्या काठावर एक माणूस उभा आहे. एक हात दोराला, पाय फाकवलेले, अंगाच्या भारानं चादर सरळ करतोय. वेतासारखं अंग.

चाळीस फूट. गुलाबनं वर पाहून दात काढले.

साठ फुटांवर दोरही नीट दिसू लागला, आणि त्या ताणलेल्या, ग्रीसनं चकचकीत दोराच्या मध्यावर, वाऱ्यात फडफडताना, त्याला तो दिसला. वीतभर. हिरवा.

देवाजीच्या तोंडात हाक आली. नाव अर्धं जिभेवर आलं आणि त्यानं ते दातांनी धरलं. हाक मारली तर गुलाब दचकेल, हलेल. खाली शामसुंदरच्या कानावर ओरडणं गेलं तर तो विंचचा ब्रेक मारेल. ब्रेकचा झटका बसला की झालं. तो दोर आता झटका सोसणार नव्हता. कदाचित काहीच सोसणार नव्हता.

त्यानं उजवा हात बाहेर काढला. आडवा, लांब. तळवा खाली, बोटं जुळलेली. आणि झोपलेल्या लेकराला थोपटावं तसा तळवा खाली-वर करू लागला. उतरव. सावकाश.

खालून नरहरीचा आवाज आला, "अबे वर! वर घे! काऊन खाली?"

चादर झटका न बसता थांबली. तिथंच, साठ फुटांवर, हिंदकळत. शामसुंदर विंचच्या खोपट्यातून दोघांकडं बघत असणार: एक टिंडल दोन्ही हात वर उडवत ओरडतोय, आणि वर फळीवर एक हात, न थरथरता, त्याच एका लयीत, खाली-वर.

दोराचा हिरवा धागा गळून पडला. त्याच्या जागी काहीतरी उघडल्यासारखं झालं, बारीक तारा, फुलाच्या केसरासारख्या बाहेर आलेल्या.

देवाजीनं पाय फळीवर फाकवून रोवले. हात तेवढा त्याचा नव्हता, किंवा तेवढाच त्याचा होता. तो थोपटत राहिला.

आणि चादर खाली येऊ लागली. लोणी वितळावं इतक्या हळू.

"दादा!" गुलाब चिडून ओरडला. "काय करून राहिला? आलोच होतो ना!"

देवाजी फूट मोजत होता. पन्नास. चाळीस. तपकिरी भिंत आता सगळ्या कारखान्यावर आली होती. घारी कुठं गेल्या कळलं नाही. तीस फुटांवर गुलाबचा चेहरा पुसला गेला, मग चादर पुसली गेली, मग दोर. वावधन अंगावर आलं, तोंडात माती भरली, फळी कडकडली. देवाजीनं डाव्या हातानं खांब कवटाळला, डोळे मिटले आणि उजवा हात चालूच ठेवला. तो आता कोणालाही दिसत नव्हता. त्याला स्वतःलाही दिसत नव्हता. तरी थांबवायची हिंमत होईना.

मग खालून आवाज आला. मोठा नाही. सतारीची तार तुटावी तसा, आणि त्याच्या मागोमाग जमिनीचा हुंकार.

त्यानंतर फक्त वारा.

देवाजी शिडीवर आला. तिथं त्याच्या सगळ्या सवयी एका बाजूला आणि त्याचा जीव दुसऱ्या बाजूला, असं झालं. जीव म्हणत होता, सोड हात, घसरत जा. पण पाय आपलं आपलं जुनं काम करत राहिले. एका वेळी एक पायरी, दोन्ही हातांनी. शंभर पायऱ्या त्यानं तशाच उतरल्या. खाली त्याचा पाय मऊ कशावर तरी पडला. दयारामचा बूट. दुसरा धुळीत गाडला गेला होता.

चादर कमरेइतक्या उंचीवर असताना दोर तुटला होता. ती पात्यासारखी मातीत हातभर रुतून उभी होती. गुलाब बाजूला फेकला गेला होता आणि बसला होता. बसला होता, हे आधी दिसलं. मग त्यानं उजव्या हातानं डावा हात घट्ट धरलेला दिसला. तुटलेल्या दोराचं टोक चाबकासारखं फिरून गेलं होतं. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट नव्हतं.

"दादा," तो म्हणाला. आवाज लहान पोरासारखा झाला होता. "खुंटीवरचाच घेतला होता ना मी. तुयाच खुंटीवरचा."

वावधन ओसरलं तशी माणसं जमली. गुलाबला दवाखान्यात नेलं. ठेकेदाराचा इंजिनियर जीपमधून येतो आहे असं कळलं, तसं नरहरीनं देवाजीला बाजूला घेतलं. नरहरी वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता.

"पाह्य, मी सांगतो, पोट्ट्यानं न विचारता दोर उचलला. चादरीवर चढला, तेबी सांगतलं असून. झालं. तुया नावावर काऊन घेतं?"

"खुंटी माई होती," देवाजी म्हणाला.

"अबे, पुढची टिंडलकी जाईन, नोकरी जाईन."

"मी सकाळीच पाह्यला होता तो दोर. कापाचा होता. नाई कापला."

"काऊन नाई कापला मंग?"

याचं उत्तर देवाजीपाशी होतं, पण ते पांढऱ्या बैलाच्या गोठ्यात सुरू होत होतं आणि तिथवर नरहरी आला नसता. साहेब आला तेव्हा त्यानं तेवढंच सांगितलं: दोर खराब आहे हे मला माहीत होतं, आणि मी तो चांगल्या दोरांत टांगला. साहेबानं ते वहीत लिहून घेतलं. आठ दिवस कामावर यायचं नाही, आणि टिंडलची गोष्ट यापुढं कोणी काढायची नाही, असं ठरलं.

शामसुंदर विंचवाला खोपट्याबाहेर उकिडवा बसून पाणी पीत होता. हात धुतल्यासारखे ओले, पाणी तोंडापेक्षा सदऱ्यावर जास्त सांडत होतं.

"देवाजी भाई," तो म्हणाला, "नरहरी चिल्ला रहा था ऊपर, तुम बता रहे थे नीचे. मैंने तुम्हारा हाथ देखा. वो काँपता, तो मैं ब्रेक मार देता."

देवाजीनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. तो त्यानं काखेत दाबून धरला.

ते आठ दिवस तो दवाखान्यात भावाच्या उशाशी बसून राहिला. तापात गुलाब एकदा मायच्या नावानं ओरडला. दोन हात, दोन पाय. बोटं म्हातारीनं मोजायला सांगितली नव्हती, पण ती मोजणार हे देवाजीला ठाऊक होतं. कौशल्या दोन्ही वेळा डबा घेऊन यायची. तिनं एका शब्दानंही टोमणा मारला नाही आणि त्यामुळं देवाजीला जास्तच लागलं. आठव्या दिवशी घरी आल्यावर त्यानं वाकड्या खिळ्यांचा डबा, मोडकी छत्री आणि फुटका कंदील उचलला आणि कॅम्पामागच्या खड्ड्यात टाकून आला. कौशल्या दारात उभी राहून बघत होती.

"मले बोलली होती तू," तो म्हणाला.

"बोलली होती," ती म्हणाली. "छत्री ठेवाची होती पण. तिचा दांडा चांगला होता."

नवव्या दिवशी पहाटे ती त्याच्या हातात चिंधी देत होती. पिवळी, कडक, अजून खळीचा वास असलेली.

"हे तं नवं लुगडं हाय वो."

"हौ. जुनं सूत पिचलेलं राह्यते, तुटून मोकळं होते. हे पकडून ठेवन."

भोंग्याला अर्धा तास होता. हवा पुन्हा ठप्प झाली होती, आभाळ पुन्हा तेच, पिवळट. टपरीपुढं कोणी नव्हतं. शिडीच्या पायाशी दयारामचे बूट कोणीतरी धुळीतून काढून, झटकून, पुन्हा जोडीनं मांडून ठेवले होते.

आठ दिवस त्या दोरांवर कोणाची मूठ फिरली नव्हती, आणि काम तर रोज झालं होतं. देवाजीनं खुंट्यांकडं पाहिलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि सात.

सातव्या खुंटीवर दोर होता. जरा आखूड. तुटल्या जागी वळवून, लोखंडी चापांनी आवळून, छान गोल गुंडाळी करून, ग्रीस लावून कोणीतरी तो टांगला होता.

मागून नरहरी दातण चावत आला. "आला का? बरं झालं. तो म्याच बांधून घेतला. अर्ध्याच्या वर चांगला निघाला ना बाप्पा. फेकून काऊन देवाचा? हलक्या कामाले चालन."

देवाजीनं तो दोर उतरवला. रुळाच्या तुकड्यावर ठेवला, छिन्नी लावली. घणाचे टोले सकाळच्या मुक्या हवेत दूरवर गेले. दोन. मग तुकडे सरकवून आणखी दोन. मग आणखी दोन, आणि आणखी. नरहरी दातण तोंडात तसंच ठेवून बघत राहिला. दोराचे एवढे बारीक तुकडे झाले की त्यांनी चार बोटंही बांधता आली नसती.

तुकडे त्यानं पायानं बाजूला सारले. पहिल्या खुंटीवरचा दोर काढला, मांडीवर घेतला, पिवळी चिंधी मुठीत धरली. वारा नव्हता, तरी शिडीवर कुठंतरी एक सैल बोल्ट वाजत होता. देवाजीनं मूठ आवळली आणि दोर ओढायला सुरुवात केली, इंच इंच, चिंधी कुठं अडते ते बघत.